एर्सिलियाच्या रिव्हॉल्व्हरचं बोट

चौथी गोळी उडालीच नाही. एर्सिलियाने घोडा मागे ओढला, तो नेहमीसारखा मागे आला, पण चक्र जागचं हललं नाही. नळी समोरच्या टेकाडाकडे रोखूनच तिने घोडा हलकेच खाली सोडला आणि पुन्हा ओढला. आत काहीतरी खुळखुळलं. डब्यात खडा हलावा तसं.

तिने डावा हात वर केला. नेमबाजांच्या मागे फेऱ्या घालणारा पंच जवळ आला.

"काय झालं, एर्सिलियाबाई?"

"बोट मोडलं."

शेजारी उभा असलेला ब्रेशियाचा माणूस दचकून तिच्या हाताकडे बघायला लागला. तिची दहाही बोटं जागच्या जागी होती, बंदुकीच्या काळ्या दारूच्या काजळीने माखलेली.

"माझं नाही हो," ती म्हणाली. "हिचं."

हिचं म्हणजे रिव्हॉल्व्हरचं. चक्राच्या पाठीला दाते असतात. घोडा ओढला की आतून पोलादाची एक चपटी पट्टी वर येते, एका दात्याला ढकलते, आणि चक्र एक घर पुढे सरकतं. बोर्तोलो मालकांच्या कारखान्यात त्या पट्टीला सगळे 'बोट' म्हणायचे. मालक गेले, कारखाना गेला, पण एर्सिलियाच्या तोंडून तो शब्द काही गेला नाही.

घरी येऊन तिने रिव्हॉल्व्हर उघडलं तेव्हा खरं काय ते कळलं. बोटाचं टोक तुटून खाली पडलं होतं. बोटाला मागून रेटणारी स्प्रिंग मोडली असती तर तिने दुपारच्या जेवणाआधी नवी करून बसवली असती. स्प्रिंगा हे तिचंच काम. सतराव्या वर्षी ती कारखान्यात लागली ती भट्टीपाशीच. पोलाद चेरीसारखं लाल झालं की तेलात बुडवायचं, मग मंद आचेवर धरायचं, मोरपंखी निळं दिसायला लागलं की काढायचं. क्षणभर उशीर झाला की पाणी उतरलं, स्प्रिंग मऊ पडली. मालक म्हणायचे, "या पोरीच्या डोळ्यात आगीचा रंग बसलाय." पण बोट घडवणं तिचं काम नव्हतं. ते तिच्या नवऱ्याचं काम, बात्तिस्ताचं. आणि बात्तिस्ताला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

कारखाना सुरू झाला ती एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. पलीकडे अमेरिकेत त्यांच्या भावाभावांच्या लढाईला शंभर वर्षं होत होती, आणि तिथल्या लोकांना एकाएकी पणजोबांच्या कमरेला होती तसली रिव्हॉल्व्हरं हवी झाली. ती बनवणारे हात कधीच मातीत गेले होते. मग ते लोक आले इटलीत, आमच्या त्रोम्पियाच्या खोऱ्यात, कारण बंदुकीची नळी म्हटलं की जग चारशे वर्षं इथेच येत होतं. बोर्तोलो मालकांनी कुणाकडून तरी एक अस्सल जुनं रिव्हॉल्व्हर उसनं आणलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याचे सगळे भाग मांडले, आणि चार माणसांना बोलावून म्हणाले, "बघून घ्या. परवा परत द्यायचंय."

त्या चार माणसांत बात्तिस्ता होता आणि तार्चीझिओ होता. दोघांची बाकं एकमेकांना लागून, दोघांच्या कानशी एकाच डब्यात. मेल्ला नदीकाठच्या जुन्या पिठाच्या गिरणीत तो कारखाना होता, भिंतीच्या फटींतून अजून पीठ निघायचं, आणि हिवाळ्यात पोरी भट्टीच्या कडेला डबे ठेवून मक्याच्या पिठाचा पोलेंटा गरम करायच्या. एर्सिलियाच्या भट्टीपाशी बात्तिस्ता जरा जास्तच वेळा स्प्रिंगा मागायला येतो हे कारखान्यात सगळ्यांच्या आधी तार्चीझिओला कळलं. "इतक्या स्प्रिंगा खातोस की काय," तो विचारायचा. लग्न ठरलं तेव्हा मालकांनी आहेर म्हणून बात्तिस्ताला एका रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग दिले. बात्तिस्ताने सगळी फुरसत घालून ते जुळवलं. स्प्रिंगा अर्थातच एर्सिलियाच्या.

ते रिव्हॉल्व्हर पुढे कित्येक वर्षं कपाटात, फ्लॅनेलच्या फडक्यात पडून राहिलं. मालक वारले, त्यांच्या मुलांनी मिलानची वाट धरली, यंत्रं भंगारात गेली. बात्तिस्ता मोठ्या कारखान्यात घड्याळ बघून काम करायला लागला. तो गेल्यावर एर्सिलिया रिव्हॉल्व्हर घेऊन वरच्या नेमबाजी मंडळात गेली, देऊन टाकायला. तिथल्या अध्यक्षांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "एकदा उडवून बघा, मग द्या." तिने उडवलं. पांढरा दाट धूर तोंडावर आला, समोरचं काही दिसेना. त्या धुराला गिरणीच्या मागच्या आवाराचा वास होता, जिथे शनिवारी मालक नवीन माल उडवून बघायचे आणि पोरी कानांवर हात ठेवून खिडकीत उभ्या राहायच्या. धूर विरला तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या रविवारी किती वाजता येऊ?"

तेव्हापासून रविवारची सकाळ तिची. बक्षिसं फारशी मिळाली नाहीत, पण बक्षिसांसाठी ती जात नव्हतीच.

आता बोट शोधायचं होतं. बहिणीची मुलगी लोरेदाना खोऱ्यातल्याच एका कारखान्यात सुट्या भागांच्या खिडकीवर होती. तिथेही अशीच जुन्या धाटणीची रिव्हॉल्व्हरं बनत. एर्सिलिया आधी तिच्याकडे गेली. लोरेदानाने मूठभर बोटं काढून काउंटरवर ओतली.

"बघ मावशी, यातलं कुठलं बसतंय का."

एकही बसलं नाही. एक जाड होतं, एकाची खुंटी मोठी, एक घोड्यापर्यंत पोचेचना.

"दिसायला तर सगळी सारखीच दिसतात," लोरेदाना म्हणाली.

"सख्ख्या बहिणी पण सारख्या दिसतात. एकीची चप्पल दुसरीला होते का?"

"आमचा यंत्रावरचा माणूस नवीन कापून देईल. फक्त माप दे. तुमच्या कारखान्यात मापं लिहून ठेवायचे की नाही?"

"माप होतं ना. बात्तिस्ताच्या डोळ्यात."

लोरेदाना हसली, पण मावशीचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. तुटक्या बोटाला जोड द्यायचा विचारही झाला, पण जोडाच्या आचेने पोलादाचं पाणी उतरलं असतं. एर्सिलियाने खोऱ्यातल्या आणखी दोन-तीन ठिकाणी चौकशा केल्या. सगळीकडे तिला खुर्ची मिळाली, कॉफी मिळाली, बोट मिळालं नाही. लुमेझ्झाने नावाच्या गावातल्या एका निवृत्त औषधविक्याकडे बोर्तोलो मालकांच्याच कारखान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, काचेच्या पेटीत, खाली निळी मखमल. त्याने ते कौतुकाने दाखवलं.

"याचं बोट काढून द्याल का? हे काही उडवत नाही तुम्ही," एर्सिलिया म्हणाली.

त्याने पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "बाई, तुम्ही माझ्या बायकोचा दात मागताय."

"तिला हसायचं नसेल तर काय हरकत आहे?"

तो खळखळून हसला, त्याने तिला स्वतःच्या झाडाची अंजिरं दिली, पण पेटी काही उघडली नाही. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एर्सिलियाला पहिल्यांदा वाटलं, की हे आता संपलं. नवीन रिव्हॉल्व्हर घेता आलं असतं. मंडळातली माणसंही तेच सांगत होती. त्यांना ती हो हो म्हणायची आणि विषय बदलायची.

मार्ग निघाला तो लोरेदानाच्या डोक्यातून. तिच्या खिडकीवर अमेरिकेतून पत्रं यायची, त्यांत मिसुरीचा एक ड्वाइट नावाचा माणूस होता, जुन्या सुट्या भागांचा व्यापारी. एका संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, तिने मावशीला शेजारी बसवून त्याला फोन लावला. लोरेदाना इंग्रजीत बोलायची, मग रिसीव्हरवर हात ठेवून मावशीला सांगायची.

"तो म्हणतोय, त्याच्या वडिलांनी एका बुडालेल्या आयातदाराचं गोदाम विकत घेतलं होतं. तुमच्या कारखान्याची एक लाकडी पेटी अजून आहे म्हणे त्याच्याकडे. कुणी मागतच नाही."

"त्याला विचार, पेटीवर काय छाप आहे."

लोरेदानाने विचारलं. पलीकडे बराच वेळ काहीतरी सरकवल्याचे, आपटल्याचे आवाज आले.

"चक्की म्हणतोय. पिठाची चक्की."

एर्सिलियाने मान डोलावली; गिरणीतल्या कारखान्याचा तोच छाप होता. लोरेदानाने पुन्हा रिसीव्हरवर हात ठेवला. "मावशी, तो विचारतोय, आजीबाईंना नक्की काय हवंय?"

"आजीबाई कोण?"

"तू गं."

"त्याला म्हणावं बोटं पाठव. असतील तेवढी."

दोनच होती. पाकीट आलं ते लोरेदानाच्या पत्त्यावर, आणि ती ते न उघडता मावशीकडे घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एर्सिलियाने ते कापलं. आत तेलकट पिवळ्या कागदाच्या दोन पुड्या. कागद जुना होऊन तपकिरी पडला होता, पण घडी मोडलेली नव्हती. दोन्ही टोकं दाबून बंद केलेली, मध्ये पोट फुगलेलं, वरून कडेला अंगठ्याचा एक दाब. ब्रेशियाच्या कुठल्याही घरात रविवारी सारण भरून पाण्यात उकडायची कासोन्चेल्ली करतात, अगदी तशी.

लोरेदाना खुर्चीवर बसली.

"ही आईची घडी आहे," ती म्हणाली.

तिची आई सान्तीना. कारखान्यात सुटे भाग बांधायच्या टेबलावर होती. मालक तिच्यावर चिडायचे: "सान्तीना, लोखंड आहे ते, उकळत्या पाण्यात सोडायचं नाहीये." ती मान डोलवायची आणि पुढची पुडी पुन्हा तशीच दुमडायची, कारण तिच्या हातांना दुसरी घडी येतच नव्हती. लोरेदाना शाळेत होती तेव्हाच ती गेली. एवढ्या लांब समुद्रापलीकडे जाऊन, कुणा परक्याच्या गोदामात पडून, तिच्या हाताची वस्तू पुन्हा तिच्या लेकीसमोर आली होती. मग एर्सिलियाने चाकूच्या टोकाने फक्त एका बाजूने पुड्या उघडल्या, आतली बोटं हलकेच बाहेर ओढली, आणि रिकाम्या पुड्या आकार न मोडता लोरेदानाच्या हातात दिल्या.

बोटं बसली नाहीत. बसणारच नव्हती, हे एर्सिलियाला आधीपासून ठाऊक होतं. कारखान्यातून सुटे भाग मुद्दाम थोडे मोठे पाठवायचे. ज्याच्या त्याच्या रिव्हॉल्व्हरप्रमाणे ते कानशीने घासून बसवायचे असतात. जास्त लांब राहिलं तर घोडा पुरता मागे येत नाही, कमी पडलं तर चक्र घराच्या अलीकडेच थांबतं. मधली जागा केसाएवढी. ती ओळखणारे खोऱ्यात दोघेच होते, त्यातला एक कबरीत होता. दुसरा नदीकाठच्या वृद्धाश्रमात.

तार्चीझिओ खिडकीपाशी बसला होता. ऐंशीला टेकलेला, खांदे अजून रुंद, पण दोन्ही हात पानांसारखे थरथरत होते. कप धरायचा तर नन मदत करायची.

"वीस वर्षांत आली नाहीस," तो म्हणाला.

"तीन आठवड्यांपूर्वी आले होते. तू झोपला होतास."

"उठवायचं."

तिने फडकं उघडून त्याच्या मांडीवर बोटं ठेवली. त्याने ती उचलायचा प्रयत्न केला नाही, नुसता वाकून बघत राहिला.

"ही तर आपली," तो म्हणाला. मग हात वर करून तिला दाखवले. "पण हे बघतेस ना? यांनी आता पावही चिरवत नाही."

"कानस मी धरेन. तू सांग."

"तुला काय येतंय? तू स्प्रिंगवाली."

"म्हणून तर तुझ्याकडे आले."

मग ननला हाक मारून त्याने आपला कोट मागितला.

लोरेदानाने गाडीतून आणलं त्याला. एर्सिलियाच्या तळघरात बात्तिस्ताचं बाक होतं तसंच होतं. तार्चीझिओला तिने शेगडीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायांवर घोंगडी टाकली. त्याच्या सांगण्यावरून मेणबत्तीच्या ज्योतीवर बोट धरून त्याला काजळी लावली, आत बसवलं, घोडा ओढला, पुन्हा बाहेर काढलं. जिथे काजळी पुसली गेली होती तिथेच घासायचं.

"दाबू नकोस. कानस नुसती फिरव. भाकरीवरचं पीठ झटकतेस तसं."

ती घासायची, बसवायची, आणि तो कान रिव्हॉल्व्हरपाशी नेऊन डोळे मिटायचा. आत चक्र अडकण्याचा आणि सुटण्याचा आवाज त्याला कुठे कमी आणि कुठे जास्त ते सांगायचा. तास गेला. काम जमत आलं होतं. मग एर्सिलियाने शेवटचा एक हात फिरवला, आणि तो जास्तीचा झाला. चक्र घराच्या अलीकडेच थांबलं.

तिने कानस खाली ठेवली. पहिलं बोट वाया गेलं होतं, उरलं होतं एक.

"बात्तिस्ताचं एकही वाया जात नव्हतं," ती म्हणाली. "मला जमायचं नाही हे."

तार्चीझिओने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती काही वेगळ्याच माणसाबद्दल बोलत होती.

"कोण म्हणालं तुला?"

"तोच म्हणायचा."

"अगं, बात्तिस्ता दिवसाला दोन-तीन बिघडवायचा. मालकांना दिसू नयेत म्हणून खिशात घालायचा, आणि घरी जाताना पुलावरून मेल्लात टाकायचा. मी बरोबर असायचो. तू पुढे सान्तीनाबरोबर चालत असायचीस. एकदा तू मागे वळलीस आणि विचारलंस, मासे उडतायत का रे? तो म्हणाला, हो, ट्राउट आहेत."

एर्सिलियाला ती संध्याकाळ आठवली. पुलाचा ओला कठडा, सान्तीनाचा लाल रुमाल, आणि खाली पाण्यात टुप्प असा आवाज. लग्नानंतरही कितीतरी वेळा तिने शेजारणींना सांगितलं होतं, की पूर्वी मेल्लाला पुलाखाली ट्राउट असायचे. ती हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला तरी हसू आत मावेना. तार्चीझिओही हसत होता, आणि त्याचे हात घोंगडीवर आणखीच थरथरत होते. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस मेल्यानंतर तिला नव्याने भेटला होता, खिशात बिघडलेली बोटं घेऊन. तो तिला पूर्वीपेक्षा जास्त आवडला.

लोरेदाना वरून कॉफी घेऊन आली. काय झालं ते दोघांपैकी कुणालाही तिला नीट सांगता येईना.

दुसरं बोट त्यांनी घाई न करता घासलं. मध्ये तार्चीझिओला डुलकी लागली, तेव्हा एर्सिलियाने हातही लावला नाही, तो जागा होईपर्यंत थांबली. दिवस मावळायच्या सुमाराला तो कान लावून बसला असताना चक्र फिरलं आणि आवाज करत घरात बसलं. त्याने डोळे उघडले नाहीत.

"पुन्हा."

तिने पुन्हा ओढला. सहाही घरं. नंतर आणखी एकदा.

"कानस ठेव," तो म्हणाला. "आता हात लावशील तर आश्रमात परत जाऊन तुझ्या नावाने बोटं मोडीन."

पुढच्या रविवारी तो मंडळात आला. एर्सिलियाने पाच गोळ्या उडवल्या, चक्र एकदाही अडखळलं नाही. सहावी शिल्लक ठेवून ती त्याच्याकडे वळली.

"तू उडव."

"मी कधीच उडवलं नाहीये."

"म्हणजे?"

"बनवायला मिळायची, उडवायला मालक. कुणी विचारलंच नाही कधी."

पंचाने आधी नकाराची मान हलवली, मग त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला सरकला. एर्सिलिया तार्चीझिओच्या मागे उभी राहिली, त्याची दोन्ही मनगटं तिने आपल्या हातांनी घट्ट धरली. तरी नळी हलत होती. धमाका झाला, धूर पसरला, आणि गोळी निशाणीच्या कितीतरी वर, टेकाडाच्या गवतात जाऊन घुसली. तिथून दोन कावळे उडाले.

"कुठे लागली?" त्याने विचारलं.

"टेकाडाला."

"टेकाड मोठं आहे," तो म्हणाला. "त्याला लागली म्हणजे चांगलंच झालं."

दुपारी एर्सिलियाच्या घरी रिव्हॉल्व्हर सुटं करून साबणाच्या कढत पाण्यात धुतलं, कारण काळ्या दारूची काजळी रात्रभर जरी राहिली तरी लोखंड गंजतं. मग तिघांनी तळलेली कॉड खाल्ली. तार्चीझिओला तुकडे करून द्यावे लागले. त्याने त्यावरही शेरा मारला, की मासे मात्र बाजारातले दिसतायत.

आठवड्याने, तार्चीझिओ पुन्हा जेवायला आला असताना, ड्वाइटचा फोन आला. पेटीत अजून बरंच काही होतं म्हणे, आणि अमेरिकेत बोर्तोलो मालकांच्या कारखान्याची बिघडलेली रिव्हॉल्व्हरं घेऊन बसलेले लोकही बरेच होते. आजीबाई भाग बसवून देतील का, असं तो विचारत होता. एर्सिलियाने तार्चीझिओकडे पाहिलं. तो मान हलवत होता. नाही म्हणतोय की नुसती हलतेय, ते तिला कळेना.

"त्याला सांग, वेळ लागेल," ती लोरेदानाला म्हणाली.

"आणि सांग, माझं वय काय आहे ते," तार्चीझिओ म्हणाला. "म्हणजे पेटी विमानाने पाठवेल."

पेटी आली. दोन हिवाळे गुरुवारच्या दुपारी लोरेदानाची गाडी आश्रमाच्या दारात थांबायची, आणि बात्तिस्ताच्या बाकापाशी तार्चीझिओ घोंगडीत बसून एर्सिलियाला शिव्या घालायचा. तिसऱ्या हिवाळ्यात तो नव्हता. एर्सिलिया तरीही गुरुवारीच बसते. आता कान ती स्वतःचा लावते, आणि लोरेदाना कानस धरायला शिकते आहे. परवा लोरेदानाने एक बोट बिघडवलं आणि खजील होऊन मावशीकडे पाहिलं. मावशीने पेटीत हात घातला आणि पुढची पुडी काढून दिली.